घोडीचा नमदा

आमच्या घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच होते, आणि त्या उन्हाळ्यापर्यंत त्याचा कुणाला काही उपयोग झाला नव्हता. एकदा नागपूरहून तार आली होती, पण ती माझ्या हातात पडायच्या आधीच पोस्टमननं मजकूर सांगून टाकला होता. एकदा औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचायला बोलावलं. बाटली हलवून मग औषध घ्यावं, असं तिच्यावर लिहिलं होतं. आई ती आधीपासूनच हलवत होती.

नऊ वर्षं मी नागपूरला मिशनच्या मुलींच्या शाळेत, तिथल्याच बोर्डिंगात काढली होती. मॅट्रिक पास होऊन गावी आले. आमचं गाव बीबी या बाजाराच्या गावापासून तीन कोसांवर आहे. शाळेत पहिल्या वर्षी मी ‘मले’ म्हणाले तेव्हा मुली हसल्या होत्या. आता घरी मी ‘मला’ म्हणाले की चुलत्या-मावश्या हसत. त्यामुळे दोन्हीकडे मी मान हलवून भागवायला शिकले होते. मान हलवण्याला बोली नसते. आपण काय म्हणालो हे समोरच्यानंच ठरवायचं असतं, ही त्यातली अडचण मला तेव्हा माहीत नव्हती.

जूनच्या सुरुवातीला नागपूरच्या कॉलेजातून पत्र आलं. वसतिगृहातली एक जागा माझ्यासाठी ठेवली होती, मात्र मंगळवारी सकाळी दाखला घेऊन स्वतः हजर राहायचं होतं. हजर न राहिल्यास जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल, असं खाली टाईप केलं होतं. मी ते आबांना मराठीत वाचून दाखवलं. आबा म्हणजे माझे वडील. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

आबांनी मला कधी ‘नाही’ म्हटल्याचं आठवत नाही. ते अडचण सांगत. अडचण नेहमी खरी असे, त्यामुळे तिच्याशी वाद घालता येत नसे.

“जाशील,” ते म्हणाले. “पण खामगावच्या ठेसनापर्यंत तुले नेऊन घालंल कोण?”

खामगाव आमच्याकडून पन्नास-पंचावन्न मैल. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या होत्या, आणि लढाई संपून वर्ष होत आलं तरी आमच्या रस्त्याची बस अजून कोळशावरच चालत होती. चढ आला की उतारू उतरून ढकलत. आठवड्यातले दोन-तीन दिवस ती येतच नसे, आणि ते कोणते हे तिलाही माहीत नसावं. बैलगाडीनं जायचं तर दोन दिवस जायला आणि दोन यायला, आणि पेरणीच्या तोंडावर वखरणी चालू असताना बैल मोकळे नव्हते. हेही खरंच होतं.

“मी नेतो ना, दादा,” काका म्हणाले. “फटफटीवर दोन घंट्यात खामगाव.”

काका आबांचे धाकटे भाऊ. मराठी सातवी झालेले, उत्साही. लढाई संपल्यावर लष्करानं जुनं सामान लिलावात काढलं, तेव्हा ते नागपूरला जाऊन एक मोटारसायकल घेऊन आले होते. ती खाकी रंगाची होती. त्यांनी तिला हिरवा रंग दिला, पण ऊन तापलं की हिरव्याखालून खाकी दिसे. गावात तिला फटफटी म्हणत.

“तुही फटफटी बीबीच्या नाल्यापाशी बसते,” आबा म्हणाले.

ती बसायची खरीच. तीन कोस नीट जायची, मग मागून निळा धूर सोडायला लागायची, आणि बीबीच्या अलीकडच्या नाल्यापाशी बंद पडायची. मग घरून बैलजोडी जायची आणि तिला दोरानं ओढून आणायची. बैल मोकळे नसण्याचं ते एक कारण होतं.

“ते काय हाय दादा, आतलं तेल नीट फिरून नाही राह्यलं. तेवढं झालं की पाहा.”

“ठीक हाय. तेवढं कर. मंग देऊळगावच्या बालाजीचा प्रसाद घेऊन ये. जाता-येता साठ मैल होते. कुठं बैल लावा लागले नाही, त मंगळवारचं पाहू.”

तो बुधवार होता. मंगळवारी नागपुरात असायचं तर सोमवारी पहाटे निघायला हवं होतं. माझं कॉलेज आता त्या इंजिनाच्या पोटात होतं, आणि ते आत कुठं हे कुणालाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी काकांनी लाल फडक्यात बांधलेलं एक पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. गाडीबरोबर आलेलं. पोथी ठेवावी तसं त्यांनी ते जपलं होतं, कारण पोथीसारखंच तेही कुणी वाचलेलं नव्हतं.

“मास्तरीणबाई,” ते म्हणाले, “पाहा यात आपल्या गाडीबद्दल काय लिव्हलं.”

सगळंच आपल्या गाडीबद्दल होतं. मी धुराचं पान शोधलं. तिथं लिहिलं होतं की इंजिन चालू ठेवून बाजूच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडावं आणि आत पाहावं. आतल्या एका बारीक नळीतून तेल थांबून थांबून टाकीत परत येताना दिसलं पाहिजे. आम्ही पाहिलं. एक थेंब नळीच्या तोंडाशी आला, तिथं बराच वेळ राहिला आणि पडला. दुसरा आला नाही.

याचा अर्थ पुढच्या पानावर होता. तेल परत येताना एका गाळणीतून येतं. इंजिनाच्या खालच्या अंगाला एक मोठं सहा बाजूंचं झाकण, त्याच्या आत तारेच्या जाळीची नळी, आणि तिच्यावर मोज्यासारखी चढवलेली नमद्याची गाळणी. नमदा म्हणजे न विणता, लोकर दाबून केलेलं जाड कापड. तो घाणीनं तुंबला की तेल इंजिनातच साठतं, जळतं, धूर होतो. नमदा काढून पेट्रोलमध्ये धुवावा, वाळवावा, पुन्हा बसवावा. फाटला असल्यास नवा घालावा. त्याच्याशिवाय इंजिन कधीही चालवू नये. ‘कधीही’ हा शब्द ठळक छापला होता.

“म्हंजे एवढंच?” काका म्हणाले. “एक चिंधी धुवाची?”

मी मान हलवली.

गुरुवारी सकाळी गोठ्यापुढच्या छपरीत काम सुरू झालं. त्या झाकणाला बसेल एवढा पाना गावात नव्हता. लोहारानं चाकाच्या लोखंडी धावेच्या उरलेल्या तुकड्यातून तो ठोकून दिला. तेल काढण्याआधी इंजिन गरम करावं, असं पुस्तकात होतं, म्हणून काकांनी गावाला तीन चकरा मारल्या. खाली घमेलं ठेवलं. ते आईचं होतं, आणि त्यानंतर ते पुन्हा आईचं झालं नाही. काळं तेल बराच वेळ गळत राहिलं. मग झाकण फिरलं आणि काकांनी जाळीसकट नमदा बाहेर काढला. वीतभर लांब, मऊ, काळा, चिकट. त्यांनी तो जाळीवरून सोलून घमेल्याच्या काठावर ठेवला आणि पेट्रोलचा डबा आणायला घरात गेले. डबा धान्याच्या खोलीत कुलपात होता आणि किल्ली काकूकडे होती, म्हणून वेळ लागला.

मी खाटेवर बसून पुढचा परिच्छेद वाचत होते. त्यात ‘स्प्रिंग’ आधी बसवायची की जाळी, हे लिहिलं होतं आणि चित्रात उलटं दाखवलं होतं. मी चित्र आणि मजकूर आलटून पालटून पाहत होते.

तेवढ्यात आमचा सालदार आला. आमच्या शेतावर वर्षाच्या करारानं काम करणारा म्हणून तो सालदार, पण ही वर्षं माझ्या जन्माच्या आधीपासून चालली होती. दुसऱ्या दिवशी बीबीचा बाजार होता, दुपारी कांद्याची बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन त्याला निघायचं होतं, आणि निघण्याआधी चाकांना ओंगण द्यायचं होतं. ओंगण म्हणजे गाडीच्या आसाला लावायचं वंगण. ते नुसतं तेल नसतं. तेलात चांगली मुरलेली चिंधी आसाभोवती गुंडाळतात, तिच्यावर चाक चढवतात. तेल आणि चिंधी या दोन वस्तू आमच्याकडे वेगळ्या समजत नाहीत. काळं तेल तुला देईन, असं काका त्याला सकाळीच म्हणाले होते.

“ताई, हे घेऊ काय?”

मी वर पाहिलं नाही. मान हलवली.

काका डबा घेऊन आले तेव्हा मी स्प्रिंगचं ठरवलं होतं. स्प्रिंग नंतर.

“नमदा कुठं हाय?” त्यांनी विचारलं.

आम्ही खाटेखाली पाहिलं, इंजिनाखाली पाहिलं. काकांनी कुत्र्याचं तोंड उघडून पाहिलं. घमेलं गोठ्यामागे राखेनं घासून उपडं घातलेलं सापडलं. बंडी निघून गेली होती.

“तेल त्यानं नेलं, ते ठीक,” काका म्हणाले. “पण नमदा तो कायले नेईल? त्याच्यापाशी कुठं फटफटी हाय?”

मला तेव्हाच कळलं होतं असं मी म्हणणार नाही. पण ‘हे घेऊ काय’ हे शब्द मला आता ऐकू आले. दुपारभर ते मला अनेकदा ऐकू आले. मी काकांना काही सांगितलं नाही.

शुक्रवारी दिवस मावळता बंडी परत आली. आमची बंडी वेशीपासून ऐकू येत असे. चाकं अशी कुरकुरत की आई त्या आवाजावर तवा चुलीवर ठेवायची. त्या दिवशी ती दारात येऊन उभी राहिली तरी कुणाला पत्ता नव्हता. बैलांच्या घंटा तेवढ्या वाजल्या. काका छपरीतून बाहेर आले, न कुरकुरणाऱ्या चाकांकडे त्यांनी पाहिलं आणि ते जागच्या जागी खाली बसले.

“ताई,” सालदार जू उतरवत मला म्हणाला, “लय झ्याक चिंधी देली तुमी. अशी मऊ चिंधी म्या जल्मात नाही पाह्यली. दोन तुकडे केले, दोन्ही चाकाले पुरली. पोरगी सासरी जाते तशी चुपचाप गेली बंडी.”

“मायच्यान!” काका म्हणाले. “दोन तुकडे?”

चाक काढलं. आत आसाला काळ्या लोकरीचे दोरे चिकटले होते. काकांनी ते नखानं सोडवले आणि तळहातावर ठेवून पाहिले. नाही म्हणायला रंग तोच होता.

आवाजानं आबा बाहेर आले. काय झालं ते काकांनी सांगितलं. आबांनी सालदाराकडे पाहिलं.

“कोणाले इचारून घेतली बे?”

सालदारानं माझ्याकडे पाहिलं, मग बैलांकडे. “म्याच घेतली, मालक. मले वाटलं ओंगणाची हाय.”

“तुहे केस पांढरे झाले. दुसऱ्याच्या इंजनातली वस्तू इचारल्याबिगर घेतेस?”

मालकाच्या मुलीनं मान हलवली हे सांगणं त्याच्या दृष्टीनं बोलण्यासारखं नव्हतं. मी न बोलता उभी राहिले असते तर ते तिथंच संपलं असतं. मी तसंच करणार होते. मग त्यानं जू खांद्यावरून खाली ठेवलं आणि हात धोतराला पुसले, आणि त्याच्या हातावरचं तेल धोतराला लागलेलं मला दिसलं.

“आबा, त्यांनी विचारलं होतं,” मी म्हणाले. “मी मान हलवली.”

“काय ऐकून हलवली?”

“काहीच ऐकलं नव्हतं. वाचत होते.”

त्या उन्हाळ्यात मी त्यांच्याशी इतकं लांब बोलले नव्हते.

“एवढं इंग्रजी वाचता येते,” ते म्हणाले, “आन घरच्या मानसानं इचारलेलं ऐकू येत नाही.”

हेही खरं होतं.

“ताई हो म्हणल्या तरी म्या पाहाले पाह्यजे होतं,” सालदार म्हणाला.

“तू चूप राह्य.”

शनिवारी सकाळी काका म्हणाले की नमद्याशिवायच चालवू. एका दिवसानं काय होतं.

“नाही,” मी म्हणाले.

“काऊन नाही?”

“पुस्तकात ‘कधीही नाही’ असं लिहिलंय.”

“पुस्तक लिव्हणाऱ्याले खामगावले जायचं होतं काय?”

मग त्यांनी जुन्या घोंगडीचा तुकडा मागितला. आईनं दिला. आम्ही तो जाळीवर गुंडाळला आणि मी वरून थोडं तेल ओतून पाहिलं. तेल पलीकडे लगेच गेलं आणि जाताना बरेच काळे केस सोबत घेऊन गेलं. घोंगडी विणलेली असते, तिला भोकं असतात. दुहेरी केली तर ती जाळीवर झाकणात मावेना. काकांनी मग आईच्या जुन्या लुगड्याचा विषय काढला. आईनं तो तिथंच थांबवला.

आबा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. सकाळपासून ते तिथंच होते. एरवी त्या वेळी ते शेतात असत.

“कसा पाहिजे तो?” त्यांनी विचारलं.

प्रश्न कुणाला होता हे क्षणभर कळलं नाही. मग मी म्हणाले, “विणलेला नको. लोकर दाबून केलेला असतो तसा.”

सुपारी कातरायची थांबली. मला त्या वेळी माहीत नव्हतं असं नाही, पण मागण्याची वस्तू ती नव्हती. आबांकडे घोडी होती. तालुक्याला, लग्नांना, वसुलीच्या कामाला ते तिच्यावरून जात. मी बोर्डिंगात असताना, लढाईच्या दुसऱ्या वर्षी ती गेली. त्यांनी दुसरी घेतली नाही. तिचं खोगीर त्यांच्या खोलीत खुंटीला असे. दसऱ्याला खाली यायचं, तेलपाणी व्हायचं, हळदकुंकू लागायचं, पुन्हा वर जायचं. खोगिराखाली घोडीच्या पाठीवर जो जाड थर घालतात, तोही नमदाच.

ते उठून आत गेले. आले तेव्हा त्यांच्या हातात तो होता. त्यांनी तो खाटेवर पसरला.

“किती जाड?”

“शिळ्या भाकरीएवढा,” मी म्हणाले. पुस्तकात इंच होते.

“ज्वारीची का बाजरीची?”

“ज्वारीची.”

त्यांनी नमद्याची कड चिमटीत धरून पाहिली. मग मधला भाग. “कड झिजली हाय. मधला घे. बसून बसून दाबलेला हाय तो.” कोण बसून ते त्यांनी सांगितलं नाही. घोडी होती त्या तेवीस वर्षांत दुसरं कुणी बसलं नव्हतं.

नमद्यात पांढरे केस अडकलेले होते. ते त्यांनी एकेक करून वेचले. त्याला बराच वेळ लागला आणि काकांनी घाई केली नाही. मग दाढीचा वस्तरा आणवला आणि मी जाळीच्या नळीवरून मापून दिलेला कागद वर ठेवून त्यांनी स्वतः कापला. वीतभर लांब, चार बोटं रुंद. वस्तरा सरळ गेला. वेचलेले केस त्यांच्या डाव्या मुठीत होते. ते त्यांनी कुठं टाकले मी पाहिलं नाही.

तुकडा दोनदा रिठ्याच्या पाण्यात धुतला, कारण त्यात घोड्याच्या घामाचं मीठ होतं. याबद्दल पुस्तकात काही नव्हतं. मग तो पेट्रोलमध्ये धुऊन उन्हात टाकला. खाटेजवळ सालदार बसला. त्याला कुणी बसायला सांगितलं नव्हतं. कुणीही जवळून गेलं की तो म्हणे, “हे घ्यायचं नाही. हे इंजनाचं हाय.” आबांनाही म्हणाला.

शिवणं माझ्याकडे आलं. शाळेत दर शुक्रवारी दोन तास शिवणकाम असे, आणि नऊ वर्षांत मी उशांचे अभ्रे, हातरुमाल आणि एक चहादाणीची टोपी एवढं शिवलं होतं. आमच्या घरी चहादाणी नव्हती. पण त्या टोपीच्या कडेला जो टाका घालायचा असतो, तो जाड कापडाच्या दोन कडा एकमेकींवर न चढवता जोडतो, आणि गाळणीला नेमका तोच हवा होता. चांभाराकडून मेण लावलेला दोरा आणला, पोत्याची सुई घेतली. इंग्रजी शाळेचा जो उपयोग झाला, त्यात वाचण्याचा भाग किती आणि शिवण्याचा किती हे मी अजून ठरवलेलं नाही. आई बाजूला बसून टाके पाहत होती.

“बारीक घालतेस,” ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, “तुही ट्रंक भरू का नको?”

माझी मान हलायला लागली होती. “भर,” मी म्हणाले.

रविवारी सकाळी नमदा जाळीवर चढवला, जाळी आत घातली, मग स्प्रिंग, मग झाकण. टाकीत नवं तेल ओतलं. काकांनी लाथ मारली. सातव्या लाथेला गाडी सुरू झाली. धूर आला, आणि काकांचा चेहरा पडला, पण आत राहिलेलं जुनं तेल आधी जळेल असं पुस्तकात होतं, ते मी मोठ्यानं वाचून दाखवलं. गाडीच्या आवाजावरून ओरडून वाचावं लागलं. इतक्या मोठ्यानं मी घरात कधी बोलले नव्हते. नंतर काकू म्हणाली की आवाज शेजारी गेला होता.

टाकीचं झाकण उघडून आम्ही वाट पाहिली. काकांना पाहवेना. सालदार देवाचं नाव घेत होता. आबांनी पुढे होऊन टाकीच्या तोंडाशी डोळा लावला.

“आलं,” ते म्हणाले. मग, “थांबलं.” मग बराच वेळ काही नाही. “पुन्यांदा आलं.”

“थांबून थांबूनच यायला पाहिजे,” मी ओरडून सांगितलं.

“मंग बराबर येऊन राह्यलं.” ते वाकलेलेच होते. “श्वास घेतल्यावानी येते.”

धूर कमी होत गेला आणि थांबला. काकांनी टोपी घातली, देऊळगावला निघायला गाडीवर बसले. तेवढ्यात आबा फेटा बांधून बाहेर आले आणि मागच्या सीटवर बसले. घोड्यावर बसतात तसे, ताठ, कुणाला न धरता.

“दादा, तुमी कुठं?”

“नमदा माह्या घोडीचा हाय,” आबा म्हणाले. “तो कुठं जाऊन राह्यला, ते पाह्यतो.”

ते गेले. आवाज वेशीपर्यंत आला, मग बीबीच्या रस्त्यानं बारीक होत गेला. सालदार बैलजोडीच्या गळ्यात दोर अडकवून तयार ठेवून बसला होता. त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. मी खाटेवर बसून पुस्तक वाचलं. ब्रेकचा भाग वाचला, टायरचा वाचला, दिव्याचा वाचला. दुपारपर्यंत कुणी बैल मागायला आलं नाही. मग मी वाळूत, खोल पाण्यात आणि शत्रूच्या हद्दीत गाडी कशी ठेवावी ते वाचलं. आईनं दोनदा जेवायला बोलावलं. नागपूरला पुढच्या मुलीचं नाव काय असेल, असा एक विचार येऊन गेला. ट्रंक ओसरीवर भरलेली होती आणि तिचं झाकण उघडं होतं.

दिवे लागायच्या वेळी फटफट ऐकू आली. सालदारानं बैलांचे दोर सोडले.

आबा उतरले. आखडलेले पाय मोकळे व्हायला त्यांना थोडा वेळ लागला. फेटा धुळीनं पार मातकट झाला होता. त्यांनी पानात बांधलेला प्रसाद आईच्या हातात दिला आणि हात-पाय धुवायला गेले.

“बसली काय कुठं?” आईनं काकांना हळूच विचारलं.

“फटफटी नाही बसली. पण तुमचे मालक, वयनी!” काका म्हणाले. “चढ आला की म्हणे थांब, उतरतो, तिले ओझं होऊन राह्यलं. सिंदखेडच्या चढाले खरंच उतरले आन पायी चालले. मी वरतं जाऊन उभा. देऊळगावले आधी तिले सावलीत लाव म्हणे, मंग दर्शनाले गेले. पाणी पाजाचं तेवढं राह्यलं.”

जेवणं झाली. प्रसाद वाटला. मंगळवारचा विषय कुणी काढला नाही. आबा कंदिलाजवळ बसले होते. त्यांनी मला हाक मारली.

“बाई, ते पुस्तक आण.”

मी आणलं.

“हा नमदा पुन्यांदा कवा बदलाचा, ते लिव्हलं काय त्यात?”

मी पान काढलं. “पाच हजार मैलांनी.”

ते ऐकून त्यांनी बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली. मला अडचण येताना दिसली. ती खरी असणार हेही माहीत होतं. पाच हजार मैलांनी नवा नमदा लागणार, आणि घोडी एकच होती.

“खामगाव जाऊन येऊन किती मैल?”

“एकशे दहा,” काका म्हणाले.

“तुहं कालेज किती वर्साचं?”

“चार.”

“वर्सातून खेपा किती?”

“दिवाळीला यायचं, जायचं. उन्हाळ्यात यायचं, जायचं. चार.”

त्यांची बोटं चालत राहिली. काका माझ्याकडे पाहत होते आणि मी आबांच्या अंगठ्याकडे. तो एका पेरावर थांबला, मागे गेला, पुन्हा पुढे आला.

“अठराशेच्या आतच हाय,” ते म्हणाले. “मंग एकच पुरते.”

त्यांनी पुस्तक मिटलं, लाल फडक्यात गुंडाळलं, गाठ मारली आणि माझ्या हातात दिलं.

“सकाळी कितीले निघता?” त्यांनी विचारलं. काकांकडे पाहून नाही.

“पाच वाजता,” मी म्हणाले.